पद्मिनी-ॲम्बॅसेडरच्या इंजिनाचा जाम बोल्ट: मोडण्याआधी काय काय करून बघायचं

सकाळी गाडी चालू केली की पहिली दोन-तीन मिनिटं इंजिनातून टक-टक-टक आवाज येतो आणि इंजिन तापलं की कमी होतो. दहातले आठ जण याला टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हच्या फटीचा आवाज समजून सेटिंग करून घेतात. आवाज तसाच राहतो. मग कोणीतरी एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या ओतीव नळ्यांच्या) जोडावर टॉर्च मारतो, तर कडेला काजळीची रेघ उठलेली असते आणि हात जरा जवळ नेला की गरम फुंकर लागते. जोडातली सीलची पट्टी, म्हणजे गॅस्केट, फुंकलेलं असतं. गॅस्केट स्वस्त, काम अर्ध्या तासाचं. पाना लावल्यावर कळतं की मॅनिफोल्डचे नट जाम आहेत; अर्धा तास नाही, पुढचे दोन रविवार गेले.

माझ्याकडे बाबांची पद्मिनी आहे. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली, १०८९ सीसीची. तिच्यामुळे कोल्हापुरातल्या चार-पाच पद्मिनी, तीन ॲम्बॅसेडर आणि एका जीपचे जाम बोल्ट काढायचं काम गेली काही वर्षं माझ्याच गळ्यात आहे. त्यातली एक पद्मिनी मालवणहून आलेली. तिचं बॉनेट उघडलं तेव्हा आत मीठ पिकवतात की काय असं वाटलं.

आधी लक्षणं नीट बघा

जाम बोल्ट सगळे सारखे नसतात. पान्याला काय जाणवतं ते महत्त्वाचं.

जोर लावला आणि काहीच हललं नाही, दगडाला पाना लावल्यासारखं वाटलं, तर घाबरू नका. नट गंजाने धरलाय, पण स्टड, म्हणजे नट ज्यावर फिरतो ती आट्यांची दांडी, अजून शाबूत आहे. सगळ्यात बरी अवस्था हीच.

पाना थोडा फिरतो आणि सोडला की रबरासारखा मागे येतो, तर तिथेच थांबा. नट सुटत नाहीये, स्टड पिळवटतोय. अजून एक हिसका दिला की 'कट्' असा बारीक आवाज येतो आणि पाना हलका होतो. तो हलकेपणा ज्याने एकदा अनुभवलाय तो विसरत नाही.

पाना घसरतोय, डोक्याचे कोपरे गोल झालेत, तर दोष बहुतेक वेळा पान्याचा असतो. आणि बोल्ट गोलगोल फिरतोय पण वर येत नाही, तर आतले आटे गेलेत किंवा बोल्ट खाली आधीच मोडलाय.

आणखी एक: बोल्टाच्या बुडाशी भुकटी कुठल्या रंगाची आहे? तांबडी असेल तर लोखंडात लोखंड. पांढरी पिठासारखी असेल तर ॲल्युमिनियममध्ये पोलादी बोल्ट बसलाय आणि दोघांमध्ये ओलावा शिरून बॅटरीसारखा प्रकार झालाय. पद्मिनीचा ब्लॉक, म्हणजे इंजिनाचा मुख्य सांगाडा, बिडाचा, पण त्यावर बसणारं हेड ॲल्युमिनियमचं. ॲम्बॅसेडरच्या जुन्या १४८९ सीसी पेट्रोल इंजिनाचं हेडही बिडाचंच. दोन्ही गाड्यांना एकच औषध चालत नाही ते यामुळे.

गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, दुपटीहून अधिक. आट्यांच्या फटीत तो पाचर ठोकल्यासारखा फुगून बसतो. म्हणजे तुम्हाला नट फिरवायचा नाहीये, ती पाचर फोडायची आहे. हे एकदा डोक्यात बसलं की लांब पाइप घालून लोंबकळायची हौस आपोआप जाते.

फुकटातली तपासणी: पाना बरोबर आहे का?

हे लिहायला लाज वाटते, पण माझ्याकडे आलेल्या गोल झालेल्या डोक्यांपैकी निम्मी इथेच गोल झालेली होती. पद्मिनी फियाट घराण्यातली, तिचे आटे मेट्रिक. ८ मिमीच्या बोल्टाला १३ चा पाना. ॲम्बॅसेडर मॉरिसच्या घराण्यातली, तिच्या या जुन्या इंजिनाला इंची आटे. ५/१६ च्या बोल्टाचं डोकं अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिमी. त्याला १३ चा पाना 'बसतो'. पॉइंट तीनची ती ढिलाई नवीन बोल्टाला चालते, गंजून कोपरे झिजलेल्याला नाही. ३/८ च्या बोल्टाचं डोकं ९/१६, म्हणजे १४.३ मिमी. १४ चा चढत नाही, १५ चा गरगरतो, आणि मग लोक ॲडजस्टेबल पाना घेतात. ॲडजस्टेबल पाना नळाला ठीक. इंजिनाला नको.

इंची सेट नसेल तर कोणाचा तरी मागून आणा. सॉकेट, म्हणजे गॅरेजातली गोटी, सहा कोनांची घ्या. बारा कोनांची गोटी कोपऱ्यावर धरते, सहा कोनांची सपाट बाजूवर. गंजलेल्या डोक्याला कोपरे उरलेलेच नसतात.

आटे उलटे तर नाहीत, हेही बघा. इंजिनावर हा प्रसंग क्वचित येतो, पण जुन्या जीपच्या डाव्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असतात. एका भल्या माणसाने ते अख्खी दुपार 'सोडवत' म्हणजे आवळत बसलेलं मी पाहिलंय.

वीस रुपयांची तपासणी: तारेचा ब्रश

नटाबाहेर जेवढे आटे दिसतात तेवढे ब्रशने पांढरे होईपर्यंत घासा. सगळे जण ही पायरी गाळतात. नट सुटला तरी त्याला त्याच गंजक्या आट्यांवरून वर यायचंय. घासले नाहीत तर दोन फेऱ्यांनंतर नट पुन्हा जाम होतो आणि आता तो ना वर, ना खाली. दुसरं म्हणजे तेल आत शिरायला वाट हवी. रंग, ऑइल आणि धूळ यांचा थर जमलेला असतो, त्यावर कितीही फवारा मारा, वरूनच ओघळून जातो.

तेल आणि वाट बघणं

बाजारातला कुठलाही पेनिट्रेटिंग स्प्रे चालेल. डब्ल्यूडी ४० सगळ्यांकडे असतो, नसण्यापेक्षा बरा. माझं घरचं मिश्रण निम्मं ॲसिटोन आणि निम्मं ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल. ही दोन्ही नीट मिसळत नाहीत, म्हणून प्रत्येक वेळी बाटली हलवून थेंब टाकायचे. ॲसिटोन पातळ, ते ऑइलला फटीत ओढून नेतं आणि उडून जातं. रंगावर आणि रबरावर पडू देऊ नका. पेटतंही पेट्रोलसारखं, तेव्हा गरम इंजिनावर आणि विडीच्या आसपास नको. जुने मिस्त्री रॉकेल टाकायचे, तेही चालतं, फक्त वेळ जास्त.

वेळ किती? एक फवारा मारून पाच मिनिटांत पाना लावणं म्हणजे भात चुलीवर ठेवून लगेच पंगत बसवणं. मी सकाळ-संध्याकाळ थेंब टाकतो, किमान दोन दिवस. मालवणच्या गाडीला आठ दिवस दिले. मध्ये गाडी चालू होण्यासारखी असेल तर इंजिन कोमट करून बंद करायचं आणि थंड होताना तेल टाकायचं. थंड होताना धातू आक्रसतो आणि तेल आत खेचलं जातं.

ठोका, पण बेतानं

तेलाच्या जोडीला धक्का हवा. पितळी दांडा नटाच्या डोक्यावर सरळ धरायचा आणि मध्यम हातोडीने दहा-बारा ठोके. जोरात नाही, टणटणीत. सणसणीत ठोक्याने गंजाची पाचर तडकते आणि तेलाला वाट मिळते. स्टडच्या टोकावर ठोकू नका, आटे पसरतील आणि मग नट निघणारच नाही. ॲल्युमिनियम हेडवर ठोकताना निम्माच जोर लावा.

आता पाना. आणि इथे उलटं वाटेल असं करायचं: आधी किंचित आवळायचं. अगदी केसभर. आवळताना जी हालचाल होते ती पाचर मोडायला पुरते, आणि स्टड पिळवटतोय की नट हलतोय हे आवळतानाच कळतं. मग सोडा. चर्रर्र असा किरकिरा आवाज आला की समजा जिंकलात. पण तिथेच घोळ होतो, आनंदाच्या भरात लोक सरळ फिरवत सुटतात. पाव फेरी सोडा, अर्धा पाव मागे घ्या, तेल टाका, पुन्हा पाव सोडा. गंजाची भुकटी बाहेर पडायला हवी. एका नटाला पंधरा मिनिटं लागली तर लागू देत.

उष्णता: इथून पुढे सावध

पोलादापेक्षा ॲल्युमिनियम जवळजवळ दुप्पट फुगतं. म्हणजे पद्मिनीच्या हेडमध्ये अडकलेला पोलादी स्टड काढायचा असेल तर तापवायचं हेड, स्टड नाही. हॉट एअर गनने स्टडच्या भोवतालचा भाग सावकाश तापवा. पाण्याचा थेंब टाकल्यावर चुर्र होऊन उडाला की पुरे. गॅसची ज्योत ॲल्युमिनियमवर लावू नका. लोखंड तापलं की लाल होऊन सांगतं, ॲल्युमिनियम काही सांगत नाही. ६६० अंशांना शुद्ध ॲल्युमिनियम वितळतं, हेडचं मिश्रण त्याच्याही आधी बसकण मारतं, आणि तोपर्यंत रंग तसाच रुपेरी.

बिडाच्या हेडवर पोलादी नट असेल तर उलट: नट तापवा, कारण फुगायला हवाय नट. छोट्या टॉर्चने नट चांगला तापवून, ज्योत बाजूला करून, आट्यांच्या तोंडाशी साधी मेणबत्ती टेकवायची. मेण वितळून आत शोषलं जातं, डोळ्यांना दिसतं ते. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला जादूच वाटली होती. ॲम्बॅसेडरच्या मॅनिफोल्डचे नट मी बहुतेक असेच काढलेत.

ज्योत पेटवण्याआधी बॅटरी सोडा, कार्ब्युरेटर आणि पेट्रोलची नळी काढून नळीचं तोंड बंद करा, अग्निशामक हाताशी ठेवा. आणि ब्रेक क्लीनर मारलेल्या जागेवर ज्योत कधीच नको. क्लोरीनवाला क्लीनर तापला की त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू निघू शकतो. हे गमतीत घेऊ नका.

नट मारायचा, स्टड वाचवायचा

तेल झालं, ठोकून झालं, तापवून झालं, तरी नट हलत नाही. इथे लोक लांब पाइप आणतात आणि स्टड मोडतात. जरा हिशेब करा. नट दोन-चार रुपयांचा. स्टड थोडा महाग, पण मिळतो. पद्मिनीचं चांगलं हेड शोधायला मात्र महिना जातो, आणि मिळालं तरी आधी कोणी काय केलंय त्यात कोण जाणे. म्हणून जो स्वस्त आहे त्याचा बळी द्यायचा.

नट स्प्लिटर मिळतो, तो लावून नट एका बाजूने फोडा. जागा नसेल तर बारीक ग्राइंडरने किंवा करवतीच्या पात्याने नटाच्या एका सपाट बाजूवर स्टडला समांतर खाच करा, आट्यांना लागायच्या केसभर आधी थांबा, आणि त्या खाचेत छिन्नी धरून एक ठोका द्या. नट टचकन उघडतो. आटे थोडे दुखावले तर डाय (बाहेरचे आटे पाडायचं हत्यार) फिरवून साफ होतात.

हाच हिशेब ॲम्बॅसेडरच्या थर्मोस्टॅटच्या झाकणाला. झाकण ॲल्युमिनियमचं असेल तर तीन नट निघतात, पण झाकण पांढऱ्या पिठाने त्या तीन स्टडना चिकटून बसतं. लोक खालून स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटतात आणि हेडची बसायची जागाच खरवडतात, मग तिथून कायमचं पाणी गळतं. लाकडी ठोकळा लावून झाकणाला डावी-उजवीकडून ठोके द्या, तेल, पुन्हा ठोके. दोन दिवसांत हललं नाही तर झाकण कापून काढा. नवीन मिळतं. पुण्यात नाना पेठेत एक चक्कर मारली तर पर्याय मिळतो.

मोडलाच तर

मोडलेला तुकडा बाहेर बोटभर उरला असेल तर अजून बिघडलेलं नाही. दोन नट एकमेकांवर आवळून खालच्या नटाला पाना लावा, किंवा व्हाइस ग्रिपने घट्ट धरून वरचीच सगळी पूजा पुन्हा: तेल, ठोका, उष्णता, पुढे-मागे.

तुकडा पातळीला असेल तर त्यावर नट ठेवून मिग वेल्डिंग मशीनने वेल्ड करायचा. हा उपाय ॲल्युमिनियम हेडमध्ये विशेष चालतो, कारण पोलादाचं वेल्डिंग ॲल्युमिनियमला धरत नाही आणि वेल्डची उष्णता सरळ स्टडमध्ये जाऊन गंज तडकवते. पण हात बसलेला वेल्डरच हवा. माझा पहिला नट निघाला, दुसरा चौथ्या वेळी.

तुकडा पातळीच्या खाली मोडला असेल तर ड्रिल. आणि खरं सांगतो, घरी करणाऱ्याने इथेच थांबावं. तरी करणारच असाल तर सेंटर पंच बरोबर मध्यावर पडेपर्यंत दहा वेळा बघा. पोलाद कडक आणि ॲल्युमिनियम मऊ, त्यामुळे ड्रिल जरा कलला की मऊ बाजूला पळतो आणि हेडचे आटे खातो. ८ मिमीच्या स्टडला ३ पासून सुरुवात, मग ५, मग ६.५. त्यापुढे उरतो तो आट्यांचा स्प्रिंगसारखा वेटोळा, तो टोकदार सुईने उचलून काढता येतो. उलट्या दिशेचा ड्रिल मिळाला तर उत्तमच, कधीकधी तुकडा ड्रिलबरोबरच फिरून बाहेर येतो.

ईझी-आउट, म्हणजे मोडलेल्या तुकड्यात भोक पाडून त्यात घुसवायचं उलट्या आट्यांचं हत्यार, मात्र जपून. नावात ईझी आहे एवढंच. पाचरीसारखा आत घुसून तो मोडलेला स्टड आणखी फुगवतो, आणि स्वतः इतका कडक असतो की मोडला तर साधा ड्रिल त्याला चावत नाही. माझा मोडलाय. बाबांच्याच गाडीच्या हेडमध्ये, रात्री साडेदहाला, 'अजून जरासं' म्हणत. दुसऱ्या दिवशी हेड डिकीत घालून शिवाजी उद्यमनगरात गेलो. तिथल्या टूलरूमवाल्याने भिंग लावून आत बघितलं आणि विचारलं, "भाऊ, स्टड मोडला तेव्हाच का नाही आलात?" स्पार्क मशीनवर त्याने तो कडक तुकडा झिजवून काढला, आट्यांना धक्का न लावता. बिल ईझी-आउटच्या सेटपेक्षा बरंच जास्त झालं.

सुटा काढता येणारा ॲल्युमिनियमचा भाग असेल, त्यात पोलादी बोल्ट मोडला असेल आणि घाई नसेल, तर तुरटी. होय, न्हाव्याकडची. काचेच्या किंवा न टवकलेल्या इनॅमलच्या भांड्यात कडक गरम पाण्यात विरघळेल तेवढी तुरटी घाला, भाग बुडवा आणि मंद आचेवर ठेवा. पोलादावर बारीक बुडबुडे उठतात, ते हळूहळू काळं होऊन विरघळतं, ॲल्युमिनियम जवळपास तसंच राहतं. वेळ तासांत नाही, कधी दिवसांत मोजावा लागतो, आणि पाणी आटेल तसं घालत राहावं लागतं. भागात पोलादाची बुश किंवा बेअरिंग असेल तर आधी काढा, नाहीतर तीही जाईल. कार्ब्युरेटरसारख्या जस्ताच्या ओतीव भागांना हा प्रयोग करू नका. भांडं स्वयंपाकघरातलं घेतलंत तर पुढची जबाबदारी तुमची.

कधी हात झटकून मशीनशॉपला न्यायचं

हेडचा, म्हणजे ब्लॉकवर हेड बसवणारा स्टड किंवा बोल्ट जाम असेल तर. तिथे आट्यांच्या पलीकडे पाण्याची जागा असू शकते, ड्रिल भरकटला तर ब्लॉकच जातो. ईझी-आउट किंवा टॅप (भोकात आटे पाडायचं हत्यार) आत मोडला असेल तर. बोल्ट फिरतोय पण येत नाही आणि आटे ॲल्युमिनियमचे असतील तर, कारण तिथे हेलिकॉइल, म्हणजे नव्या आट्यांचा तारेचा वेटोळा, बसवावं लागेल आणि ते भोक हेडच्या पृष्ठभागाला काटकोनातच पडलं पाहिजे. जाम जागेच्या शेजारी बारीक तडा दिसला तर. आणि गाडीखाली झोपून, डोक्यावर ज्योत धरून काम करावं लागणार असेल तर.

मशीनशॉपला जाताना मोडलेला तुकडा, जुना स्टड आणि शेजारचा चांगला स्टड घेऊन जा. आटे इंची की मेट्रिक हे तिथे तोंडी सांगून भागत नाही.

परत बसवताना

स्टडची भोकं टॅप फिरवून साफ करा, तळाशी तेल किंवा पाणी साचलेलं राहू देऊ नका, नाहीतर बोल्ट आवळताना ते दाबलं जाऊन तडा जातो. एक्झॉस्टच्या आट्यांना कॉपर ग्रीस लावा, अगदी बोटावर मावेल एवढंच. ग्रीस लावलेला नट त्याच टॉर्कला (पिळाच्या जोराला) जास्त आवळला जातो, म्हणून हात जरा आखडता. हेडच्या बोल्टांना मॅन्युअल सांगेल तेवढंच आणि तसंच, तिथे स्वतःचं डोकं चालवू नका.

मॅनिफोल्डला शक्यतो पितळी नट लावा. पितळ गंजत नाही, पोलादाला धरत नाही, आणि पुढच्या वेळी जोर झालाच तर नटाचे आटे जातात, स्टड राहतो. ॲम्बॅसेडरवाल्यांनी पितळी नट घेताना ५/१६ यूएनएफ (बारीक इंची आटे) असं स्पष्ट मागा. दुकानदार ८ मिमीचा पुढे करतो, तो दोन आटे छान फिरतो आणि तिसऱ्याला अडकतो.

पहिल्यांदा इंजिन तापून पूर्ण थंड झालं की मॅनिफोल्डचे नट एकदा तपासून घ्या, गॅस्केट बसल्यावर ते थोडे ढिले होतात. मालवणच्या पद्मिनीचे तपासायचे राहिले होते. पंधरा दिवसांनी मालकांचा फोन आला, "टक-टक परत सुरू झालंय हो." या वेळी पाना लावला आणि नट बोटाने फिरला.